उचंत खात्यातली नोंद

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डातले एक राहते घर पाहता पाहता जमिनीच्या पोटात गेले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्या वस्तीखाली फार जुनी भूमिगत कोळसा खाण होती. कोळसा काढून झाला, माणसे दुसऱ्या खाणीत गेली, वर घरे उभी राहिली, अंगणात तुळशी लागल्या. आत पोकळी होती आणि ती वर्षानुवर्षे तशीच होती. वर राहणाऱ्याला त्याची चाहूल लागण्याचे काही कारणच नव्हते. ती लागली तेव्हा घर गेले होते.

त्या घराची आठवण मला गेल्या हिवाळ्यात झाली ती एका फोनमुळे. फोन घुग्घुसहूनच होता. नव्वदच्या दशकात मी तिथल्या शाखेत अधिकारी होतो, तेव्हाचे आमचे हेड कॅशियर बोलत होते. माणूस हिशेबाला चोख. पगाराच्या दिवशी खाण कामगारांची रांग दारापासून रस्त्यापर्यंत जायची, मराठी, तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी अशा चार बोली एका खिडकीशी बोलायच्या आणि संध्याकाळी यांच्या पेटीत एक रुपयाचा फरक निघायचा नाही. आता वय सदुसष्ट, मधुमेह चौदा वर्षांचा. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने वडिलांसाठी 'फुल बॉडी चेकअप'चे पॅकेज घेतले होते. घरी येऊन रक्त नेले आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलवर पाऊणशे आकडे आले. त्यातला एक ठळक अक्षरांत, लाल रंगात होता.

"साहेब, होमोसिस्टीन अठ्ठावीस आलं जी. पंधराच्या आत पाहिजे म्हणते. मोबाईलवर पाहिलं, तर डायबेटिसवाल्याची किडनी यानंच जाते म्हणून लिहिलं आहे. माझी किडनी गेली समजा का?"

किडनी गेली असे समजू नका, एवढेच मी सांगू शकलो. पण त्यांनी औषधाच्या दुकानात विचारून 'होमोसिस्टीन उतरवणाऱ्या' गोळ्या आधीच सुरू केल्या होत्या. फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ यांची जबर मात्रा एकत्र, दिवसातून दोनदा. महिन्याच्या पेन्शनीत हा खर्च सहज मावणारा नव्हता. मी डॉक्टर नाही. आयुष्य बँकेत आणि उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात गेला. मात्र मलाही मधुमेह आहे आणि ताळेबंद वाचण्याची सवय सुटलेली नाही. म्हणून या एका आकड्याचा माग काढायला बसलो. जे हाती आले ते माझ्या मित्रापुरते नाही असे वाटले, म्हणून हा लेख.

आपण डाळ, दूध, अंडी, मांस असे प्रथिनांचे जे काही खातो, त्यात मेथिओनिन नावाचे एक ॲमिनो आम्ल असते. शरीर ते वापरते तेव्हा वाटेत होमोसिस्टीन तयार होते. तो टाकाऊ कचरा नव्हे, मधला टप्पा आहे. पुढे त्याला दोन वाटा असतात. एक परतीची : फॉलिक ॲसिड आणि बी-१२ यांच्या मदतीने त्याचे पुन्हा मेथिओनिन होते. दुसरी पुढची : बी-६ च्या मदतीने त्याचे सिस्टीन होते. या वाटा मोकळ्या असल्या की रक्तात होमोसिस्टीन थोडेच उरते, साधारण पाच ते पंधरा मायक्रोमोल. वाट अडली की ते साचते. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू विन्यो यांच्या प्रयोगशाळेत १९३२ साली हा पदार्थ ओळखला गेला. गंधकयुक्त संयुगांवरील कामासाठी द्यू विन्यो यांना १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण तेव्हा या पदार्थाशी रुग्णाचा काही संबंध असेल असे कुणाच्या मनात नव्हते.

तो संबंध जोडला किल्मर मॅकली या तरुण विकृतिशास्त्रज्ञाने. जन्मजात दोषामुळे होमोसिस्टीन साचणाऱ्या दोन मुलांची शवविच्छेदने त्याने अभ्यासली. एक आठ वर्षांचा मुलगा, १९३३ मध्ये वारलेला, आणि एक अवघे दोन महिन्यांचे बाळ. दोघांच्या रोहिण्या म्हाताऱ्या माणसासारख्या जाड झाल्या होत्या. दोघांतले दोष वेगवेगळे होते. समान काय, तर साचलेले होमोसिस्टीन. १९६९ मध्ये त्याने लिहिले की रक्तवाहिन्या खराब करणारा पदार्थ हाच असावा. तो काळ कोलेस्टेरॉलचा होता. मॅकलीचे फारसे कुणी ऐकले नाही आणि पुढे त्याला हार्वर्ड सोडावे लागले. नव्वदच्या दशकात मात्र वारे फिरले. होमोसिस्टीन ज्यांचे जास्त त्यांना हृदयविकार आणि पक्षाघात जास्त, असे अभ्यासामागून अभ्यास सांगू लागले. नेदरलँड्समधल्या होर्न गावच्या पाहणीने २००० साली दाखवले की वाढलेल्या होमोसिस्टीनबरोबर मृत्यूचा धोका वाढतो आणि टाईप टू मधुमेह असलेल्यांत तो अधिकच वाढतो.

मूत्रपिंडाचे काय? मधुमेहात मूत्रपिंड जसजसे थकते तसतसा रक्तातला हा आकडा चढत जातो, हे डॉक्टरांना कधीचे ठाऊक आहे. ज्यांची किडनी जवळजवळ बंद पडली आहे, अशा बहुतेक रुग्णांत तो वाढलेला असतो. आता यातून दोन अर्थ निघतात. होमोसिस्टीनमुळे किडनी बिघडते, हा एक. किडनी बिघडते म्हणून होमोसिस्टीन साचते, हा दुसरा. पहिला खरा असेल तर उपाय स्वस्त आणि सोपा : जीवनसत्त्वे द्या, आकडा उतरवा, किडनी वाचवा. या आशेने जगभर हजारो रुग्णांवर प्रयोग झाले. त्यांचा निकाल घरोघर पोहोचायला हवा होता. तो पोहोचला नाही, गोळ्या मात्र पोहोचल्या.

हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या ५,५२२ जणांवर 'होप-२' नावाची चाचणी झाली. पाच वर्षे अर्ध्या लोकांना ही तिन्ही जीवनसत्त्वे, अर्ध्यांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. २००६ मध्ये निकाल लागला. होमोसिस्टीन उतरले, पक्षाघात थोडे कमी दिसले, पण हृदयविकाराचे झटके आणि त्यातून येणारे मृत्यू कमी झाले नाहीत. २००७ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून दुसरा निकाल आला. गंभीर किडनीविकार असलेले किंवा डायलिसिसवर असलेले २,०५६ रुग्ण, जीवनसत्त्वांची प्रचंड मात्रा, आकडा सुमारे चतुर्थांशाने खाली आणि मृत्यूंत फरक शून्य.

तिसरा निकाल माझ्या मित्राला थेट लागू होणारा. कॅनडातील पाच वैद्यकीय केंद्रांनी मधुमेहामुळे किडनी बिघडू लागलेले २३८ रुग्ण निवडले. अर्ध्यांना रोज अडीच मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड, पंचवीस मिलिग्रॅम बी-६ आणि एक मिलिग्रॅम बी-१२. तीन वर्षांनी पाहिले तर या गटाचे होमोसिस्टीन उतरलेले होते, दुसऱ्या गटाचे वाढलेले. म्हणजे गोळीने तिचे काम चोख केले होते. पण मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता? साध्या गोळीवाल्यांत ती १०.७ ने घटली होती, जीवनसत्त्ववाल्यांत १६.५ ने. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यू यांचा एकत्रित धोकाही जीवनसत्त्ववाल्यांत दुप्पट. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झाले. आकडा सुधारला आणि माणूस बिघडला, असा हा हिशेब.

बँकेत काम केलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. आमच्याकडे सस्पेन्स अकाउंट नावाचे एक खाते असते. जुन्या मराठीत उचंत खाते. एखाद्या रकमेचा मेळ लागला नाही, ती कुठल्या खात्याची ते कळले नाही, की ती तात्पुरती तिथे ठेवायची आणि मग शोध घ्यायचा. शाखेच्या तपासणीला येणारा अनुभवी अधिकारी आधी ते खाते उघडायला सांगायचा. तिथे रक्कम साचलेली दिसली की ओळखायचा, शाखेत कुठेतरी काहीतरी अडले आहे. एखाद्या अतिहुशार बाबूने मार्चअखेरीला इकडची नोंद तिकडे करून ते खाते शून्य केले, तर ताळेबंद देखणा दिसायचा, पण अडलेले तसेच राहायचे. उलट ते शोधण्याचा धागाही तुटायचा. होमोसिस्टीन ही अशी उचंत खात्यातली नोंद आहे. ती खोटी नाही. ती दुर्लक्ष करण्यासारखीही नाही. पण ती खोडणे म्हणजे हिशेब जुळवणे नव्हे.

इथे एक दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर मीही एकतर्फी ताळेबंद मांडल्यासारखे होईल. चीनमध्ये पंधरा हजारांहून अधिक रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २०१६ मध्ये आला. तिथे रक्तदाबाच्या एनालाप्रिल या औषधाबरोबर ०.८ मिलिग्रॅम एवढे माफक फॉलिक ॲसिड दिल्यावर मूत्रपिंडाची घसरण मंदावली. ज्यांची किडनी आधीच नाजूक होती त्यांना अधिक फायदा झाला. हे कॅनडाच्या उलट कसे? कॅनडात पिठातच फॉलिक ॲसिड मिसळलेले असते, चीनच्या त्या भागांत तसे नव्हते. कॅनडात मात्रा तिपटीची आणि सोबत बी-१२ ची मोठी मात्रा. रोगीही वेगळे. यावर तज्ज्ञांत अजून चर्चा आहे. मला त्यातून एक साधी गोष्ट दिसते. जिथे कमतरता होती तिथे ती भरून काढल्याने लाभ झाला. जिथे कमतरता नव्हती तिथे भरलेल्या माठात पाणी ओतल्यासारखे झाले.

मग पहिला प्रश्न असा की आपल्याकडे कमतरता आहे का? त्याचे उत्तर शोधायला परदेशी जावे लागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी याच विषयावर अनेक वर्षे काम केले आहे. २००६ मध्ये त्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. काही पुण्याजवळच्या खेड्यांतले, काही शहरातल्या झोपडपट्टीतले, काही मध्यमवर्गीय. शंभरातल्या ६७ जणांत बी-१२ कमी निघाले आणि ५८ जणांत होमोसिस्टीन जास्त. सर्वांत वाईट अवस्था कुणाची? मध्यमवर्गीयांची. त्यांच्यात ८१ टक्क्यांत बी-१२ कमी आणि ७९ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले. शाकाहारी माणसाला बी-१२ कमी असण्याचा धोका मांसाहारी माणसाच्या ४.४ पट.

बी-१२ कुठलेही झाड तयार करत नाही, प्राणीही करत नाही. ते फक्त सूक्ष्म जीवाणू करतात. जनावरांच्या पोटातून ते दुधात, अंड्यात, मांसात, मासळीत येते. पालेभाजीत फॉलिक ॲसिड भरपूर, पण बी-१२ नाही. ज्वारीच्या भाकरीत नाही, वरणात नाही. मुद्दा धर्माचा नाही आणि शाकाहाराची निंदा करण्याचाही नाही. घरात दूध, दही, ताक रोज आणि पुरेसे असेल तर शाकाहारी माणसालाही आधार मिळतो. पण पितळी भरून दूध पिणाऱ्या आजोबांच्या नातवाच्या वाट्याला आज चहापुरतेच दूध येते, हे आपल्या घरात डोकावून पाहावे. महिन्यातून एकदा मटण खाणाऱ्यानेही स्वतःला सुरक्षित समजू नये.

त्यात मधुमेह्यासाठी आणखी एक गोष्ट. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे जुने, स्वस्त आणि गुणी औषध. आपल्या देशात लाखो लोक ते घेतात, मीही घेतो. पण ते दीर्घकाळ घेतल्याने आतड्यातून बी-१२ कमी शोषले जाते. नेदरलँड्समध्ये ३९० रुग्णांवर चार वर्षांहून अधिक काळ झालेल्या चाचणीत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे बी-१२ न घेणाऱ्यांच्या तुलनेत १९ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून औषध बंद करायचे नाही, बी-१२ तपासून घ्यायचे. पायाला मुंग्या येतात, तळवे जळतात, तोल जातो, ही लक्षणे आपण साखरेच्या नावावर टाकतो. त्यातला काही भाग बी-१२ च्या नावावर निघू शकतो, आणि तो भरून निघणारा असतो.

याज्ञिकांच्या कामात आणखी एक इशारा आहे. पुण्याभोवतालच्या सहा खेड्यांत त्यांनी १९९३ पासून गरोदर मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू केला. ज्या मातांत फॉलिक ॲसिड जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक आढळली. म्हणजे एक जीवनसत्त्व भरमसाट आणि दुसरे रिकामे, हा असमतोल पुढच्या पिढीच्या खात्यावरही मांडला जाऊ शकतो. दुकानातून आपल्या मनाने फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. गरोदरपणात डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्या मात्र बंद करू नयेत. त्यांचे कारण वेगळे आहे आणि ते पक्के आहे.

आता पुन्हा घुग्घुसला. मित्राला घेऊन मी नागपूरला एका किडनीतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी चेकअपचे जाड बाड हातात घेतले, पाने उलटली, लाल आकड्यावर त्यांची नजर फार थांबली नाही. विचारले, "लघवी कधी तपासली?"

"शुगरसाठी तपासली होती जी, मागे."

"शुगरसाठी नाही. अल्ब्युमिनसाठी."

चौदा वर्षांत कधीच नाही. पाऊणशे आकड्यांच्या त्या पॅकेजमध्येही ती तपासणी नव्हती. माणसाच्या रक्तातले सगळे काही मोजले होते आणि ज्या एका साध्या नमुन्यावरून मधुमेह्याच्या किडनीची पहिली खबर मिळते, तो नमुना कुणी मागितला नव्हता.

ही खबर कशी मिळते ते समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक परत घेतात. अल्ब्युमिन हे रक्तातले मोठे प्रथिन. चांगली गाळणी ते सहसा खाली सोडत नाही. वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब यांनी गाळणीची भोके सैल झाली की अल्ब्युमिन लघवीत झिरपू लागते. सकाळच्या लघवीत अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे प्रमाण पाहतात. तीसच्या आत ठीक, तीस ते तीनशे म्हणजे इशारा, तीनशेच्या वर म्हणजे नुकसान बरेच पुढे गेलेले. एकाच तपासणीवर निकाल देत नाहीत, ताप किंवा लघवीचा संसर्ग असतानाही ती वर जाते, म्हणून काही काळाने पुन्हा करतात. या अवस्थेत पायावर सूज नसते, भूक लागते, माणूस बाजारात हिंडतो. रक्तातले क्रिएटिनिन वाढायला लागेपर्यंत गाळण्यांचा मोठा हिस्सा गेलेला असू शकतो. आमराई वॉर्डातल्या घरासारखे. वर अंगण स्वच्छ असते.

मित्राचा आकडा २४० आला, महिन्याभराने पुन्हा तेवढाच. गाळण्याची क्षमता ५२ होती, जी त्यांच्या वयाला सत्तर-ऐंशी असती तर चिंता नव्हती. रक्तदाब १५८. बी-१२ ची तपासणी केली तर फार कमी. माळकरी घर, जन्मात अंडे नाही, चौदा वर्षे मेटफॉर्मिन. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या होमोसिस्टीनला दोन कारणं आहेत. थोडं बी-१२ चं, थोडं किडनीचं. बी-१२ मी भरून देतो, कारण ते कमी आहे. किडनीसाठी औषध वेगळं आहे." आणि दुकानातून आणलेल्या त्या गोळ्यांची पट्टी त्यांनी बाजूला ठेवली.

ते वेगळे औषध काही गुपित नाही. मधुमेहाच्या किडनीसाठी गेल्या पाव शतकात जे खरोखर कामाचे ठरले त्याची यादी लहान आहे. २००१ मध्ये १,५१३ रुग्णांवरच्या चाचणीत लोसार्टन या रक्तदाबाच्या औषधाने किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी केला. त्याच घराण्यातल्या टेल्मिसार्टनसारख्या आणि शेजारच्या घराण्यातल्या रॅमिप्रिलसारख्या गोळ्या आज कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. २०१९ मध्ये लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या कॅनाग्लिफ्लोझिन या औषधाने ४,४०१ रुग्णांत किडनीच्या मोठ्या संकटांचा धोका ३० टक्क्यांनी घटवला. त्याच जातीच्या डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले. त्यामुळे ही औषधे आता अनेक कंपन्या बनवतात आणि किमती खाली आल्या आहेत. ही औषधे सर्वांनाच चालत नाहीत. कुणाला, किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. पण ज्याची लघवी तपासलीच नाही, त्याला ती देण्याचा विचार कोण करणार?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आता पुण्यामुंबईच्या श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. घुग्घुससारख्या गावात तो कसा येतो ते पाहावे. वर्धा नदीच्या काठी कोळसा, सिमेंट आणि लोखंड यांवर जगणारे हे गाव. खाणीत आणि कारखान्यात तीन पाळ्या. आज दिवसा जेवण, पुढच्या आठवड्यात मध्यरात्री. कमरेचे दुखणे कामाबरोबर येते आणि त्यावर वेदनाशामक गोळी दुकानातून, चिठ्ठीशिवाय. ती गोळी रोज घेतली तर किडनीवर ताण येतो, हे गोळी देणारा सांगत नाही. गालात खर्रा. तंबाखूने रक्तवाहिन्यांचे काय होते ते नव्याने सांगायला नको. या सगळ्यावर कुणी 'किडनी साफ करणारे' चूर्ण विकत देतो. त्यात काय आहे ते ना विकणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला.

आणि एकदा किडनी बसली की मग काय? डायलिसिस. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. २०१६ पासून केंद्र सरकारच्या डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी ही सोय होऊ लागली. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे. ही मोठीच गोष्ट झाली. पण घुग्घुसहून चंद्रपूर गाठणे सोपे. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा इथल्या माणसाने पावसाळ्यात, नाल्यांना पूर असताना, आठवड्यातून तीनदा यंत्रापर्यंत कसे पोहोचायचे? त्याच्याबरोबर जाणाऱ्या मुलाच्या मजुरीचे काय? चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत किडनी निकामी होणे हा केवळ आजार नसतो. ते अख्ख्या घराचे दिवाळे असते. म्हणून इथे उपचारापेक्षा आधीची खबर महत्त्वाची, आणि ती खबर एका छोट्या डबीतल्या लघवीत आहे.

मग ती तपासणी का होत नाही? माझ्या बँकेच्या बुद्धीला एक उत्तर सुचते. या दोन्ही तपासण्यांची मित्राची बिले मी शेजारी ठेवून पाहिली. होमोसिस्टीनचे पैसे लघवीच्या तपासणीच्या दुपटीहून अधिक होते. नव्या, अवघड नावाच्या तपासणीला किंमत येते आणि तिच्या मागोमाग गोळी विकता येते. लघवीच्या डबीला रुबाब नाही. आपणही काही कमी नाही. वडिलांना लघवीची तपासणी भेट द्यावी असे कुठल्या मुलाला वाटेल? पाऊणशे आकड्यांचे पॅकेज पाठवले की कर्तव्य केल्यासारखे वाटते. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने प्रेमानेच पाठवले होते. पण प्रेमालाही नेमके काय विचारायचे ते ठाऊक असावे लागते.

म्हणून ज्या घरात मधुमेह आहे त्या घराने वर्षातून एकदा पाच गोष्टींचा हिशेब घ्यावा. सकाळच्या लघवीतील अल्ब्युमिनचे प्रमाण. रक्तातील क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेली गाळण्याची क्षमता. तीन महिन्यांची सरासरी साखर. रक्तदाब, तोही घरी शांत बसून मोजलेला. आणि शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेत असाल तर बी-१२. होमोसिस्टीन कुणी तपासले आणि ते वाढलेले निघाले तर घाबरू नये आणि ते कागद फाडूही नये. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा : हे कशामुळे वाढले? 'हे कसे उतरवू?' हा प्रश्न त्यानंतरचा.

परवा घुग्घुसहून पुन्हा फोन आला. सात महिने झाले आहेत. रक्तदाब आता १३० च्या आसपास आहे. खर्रा सुटला आहे, "म्हणजे जवळपास सुटला जी," हे त्यांचेच शब्द. लघवीतला आकडा २४० वरून ९० वर आला आहे. गाळण्याची क्षमता ५२ होती ती ५० आहे. ती परत वर जाणार नाही, पण घसरण थांबल्यासारखी आहे, असे डॉक्टर म्हणतात. मी मुद्दाम विचारले, होमोसिस्टीनचे काय? बी-१२ भरल्यावर ते सतरापर्यंत उतरले म्हणाले. पंधराच्या आत नाही.

"दोन-तीनचा फरक राहिलाच साहेब," ते हसून म्हणाले. ज्या माणसाने कधी रुपयाचा फरक राहू दिला नाही, तो हे हसून म्हणत होता.

मी म्हटले, राहू द्या. तो किडनीचा आहे. फरक कुठला आहे ते आता आपल्याला ठाऊक आहे. मुलाला मात्र कळवा, पुढच्या वर्षी पॅकेज नको. डबी पाठव म्हणावे.